गुडघ्यांचं अंदाजपत्रक

राज्याचा अर्थसंकल्प शेवटून वाचायचा, हे मला वृत्तसंपादकांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. भाषणात मोठ्या रकमा असतात. लहान रकमा विभागांच्या जाड पुस्तकांत, बारीक टायपात असतात आणि बातमी बहुतेक वेळा तिथेच असते. कोल्हापूरच्या एका दैनिकात मी बरीच वर्षं ही पुस्तकं वाचत आले. बंधारे, वसतिगृहं, जनावरांचे दवाखाने. त्यातली एखादी ओळ आमच्या घरापर्यंत येईल, असं कधी वाटलं नव्हतं.

ती आली माजी सैनिकांच्या नावाने. आयुर्वेद, योग आणि तशा प्रकारचे पूरक उपचार माजी सैनिकांना मोफत देण्यासाठी राज्याने काही जिल्ह्यांत प्रायोगिक केंद्रं काढली. आमच्या जिल्ह्याचं केंद्र शहरात, सैनिकांच्या विश्रामगृहामागच्या दोन खोल्यांत सुरू झालं. तरतूद एका वर्षापुरती होती. वर्ष संपण्याआधी केंद्राने अहवाल द्यायचा आणि पुढे पैसे द्यायचे की नाहीत, हे विभागाने त्यावरून ठरवायचं. रक्कम लहान होती. त्याच पानावर एका सरकारी इमारतीच्या रंगकामाची तरतूद होती, ती हिच्यापेक्षा मोठी होती.

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यानंतर बिद्रीच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात शेती आणि दोन म्हशी हा त्यांचा दिनक्रम. नोकरीतली बरीच वर्षं बर्फात आणि चढावर गेली होती. पाठीवर ओझं असायचं. त्या वर्षांचा हिशेब गुडघ्यांनी साठीनंतर मागितला. आण्णा अबोल नाहीत. कारखान्याचा ऊसदर, डेअरीचं फॅट, शेजाऱ्याने सरकवलेला बांध, यांवर ते तासभर बोलू शकतात. स्वतःच्या अंगाबद्दल मात्र काही बोलत नाहीत. गुडघे दुखतात हे आम्हाला त्यांनी सांगितलं नाही. एक दिवस धार काढायचं आईने सुरू केलं, त्यावरून आम्हाला कळलं.

धार काढायला म्हशीखाली उकिडवं बसावं लागतं. चरवी दोन गुडघ्यांत धरायची, कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवायचं आणि दोन्ही हात मोकळे ठेवायचे. गुडघे त्या कोनात वाकत नसतील, तर धार निघत नाही. आण्णांनी आधी लाकडी पाट घेतला, मग स्टूल घेतलं. स्टुलावरून हात पोचेनात, म्हशीने लाथ मारून चरवी सांडली. दुसऱ्या दिवसापासून आई बसायला लागली. म्हैस आण्णांच्या हाताची होती. आईच्या हाताला पहिले कित्येक महिने ती नीट पान्हा सोडत नव्हती. डेअरीच्या पुस्तकातली लिटरं कमी झाली. घरात त्यावर चर्चा झाली नाही. आण्णा धारेच्या वेळेला वैरण कापायला परड्यात जायचे आणि चरवी डेअरीला निघाली की परत यायचे.

हाडांच्या डॉक्टरांनी सांधा बदलायचा सल्ला दिला होता. आण्णांनी बघू म्हटलं. तोपर्यंत गोळ्या चालू होत्या. गोळ्यांनी पोट बिघडलं म्हणून पोटाच्या गोळ्या चालू झाल्या. नव्या केंद्राची माहिती गावातल्याच एका निवृत्त शिपायाने आणली. तेल लावतात, पैसे घेत नाहीत, एवढंच त्याने सांगितलं. आण्णा गेले ते त्याला सोबत म्हणून. असं ते आजही सांगतात.

केंद्रात दोन माणसं काम करत. एक डॉक्टर, आयुर्वेदाची पदवी घेतलेल्या, वयाने तिशीच्या आतल्या. सगळे निवृत्त सैनिक त्यांना मॅडम म्हणत आणि दारात आल्यावर उभे राहून नमस्कार करत. दुसरे मालिश करणारे. ते शहरातल्या एका तालमीत वाढलेले, कुस्ती सोडून वीस वर्षं झालेली, पण नाव पैलवान हेच राहिलं होतं. सुभेदार असो की शिपाई, पैलवान कुणालाही पावणं म्हणायचे. पहिल्या दिवशी आण्णा टेबलावर आडवे झाले ते सावधान अवस्थेत. पैलवानांनी पाय उचलून पाहिला आणि म्हणाले, "पावणं, सोडा की पाय. एक तासभर ह्यो माझा हाय."

उपचार साधा होता. उडदाच्या पिठाची घट्ट कणीक मळायची, गुडघ्याभोवती तिचं आळं करायचं आणि त्या आळ्यात कोमट तेल भरून ठेवायचं. तेल निवलं की काढून पुन्हा गरम भरायचं. मग मालिश, मग शेक, मग डॉक्टर सांगतील ते चार व्यायाम. एकवीस दिवसांचं एक आवर्तन. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी प्रत्येकाला सांगितलं होतं की गुडघा नवा होणार नाही, झीज भरून येणार नाही, हाडांच्या डॉक्टरांकडे जाणं थांबवायचं नाही. वेदना कमी झाल्या तर गोळ्या कमी होतील, इतकंच त्यांनी कबूल केलं होतं.

खर्चात सगळ्यात मोठा भाग तेलाचा होता. त्यावर लेखा शाखेने काही विचारलं नाही. विचारलं ते उडदाच्या पिठाबद्दल. आरोग्य केंद्रात पिठाची खरेदी कोणत्या लेखाशीर्षाखाली झाली, खाद्यपदार्थांना या योजनेत मान्यता नाही, खुलासा करावा, असं पत्र आलं. डॉक्टरांनी खुलासा केला. पुन्हा पत्र आलं. तिसऱ्या खुलाशाला त्यांनी आळं केलेल्या गुडघ्याचा फोटो जोडला. तो गुडघा आण्णांचा होता. पैलवानांचं मत होतं की एवढं लिहीत बसण्यापेक्षा पापड करून पाठवावेत.

या सगळ्यात मी कुठे नव्हते. दर शनिवारी गावी गेल्यावर आई जे सांगायची, ते ऐकत होते. नोव्हेंबरात डॉक्टरांचा मला फोन आला. मुलगी पेपरात बजेट लिहिते, हे आण्णांनी कधीतरी अभिमानाने सांगितलं असावं. डॉक्टरांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की विभागाकडून अहवालाचा मसुदा परत आला आहे आणि त्यावर शेरा आहे: उपचारांमुळे कोणताही फरक आढळत नाही, सबब पुढील वर्षी तरतूद प्रस्तावित नाही.

मी त्यांना आधीच स्पष्ट केलं की बातमी मी लिहू शकणार नाही. माझे वडील लाभार्थी होते. प्रस्तावही लिहून देणार नव्हते. कागद कसे वाचले जातात तेवढं सांगू शकत होते. एका दुपारी सुट्टी घेऊन केंद्रात गेले आणि फॉर्मांचा गठ्ठा पाहिला.

प्रत्येक रुग्णाचा एक फॉर्म होता. पहिल्या दिवशी एक चौकट भरायची, एकविसाव्या दिवशी दुसरी. प्रश्न एकच: वेदना किती, शून्य ते दहा. विभागाच्या सूचनेनुसार आकडा रुग्णाने स्वतःच्या हाताने लिहायचा होता. गठ्ठ्यातल्या जवळजवळ सगळ्या फॉर्मांवर पहिल्या चौकटीत शून्य होतं आणि दुसऱ्या चौकटीतही शून्य होतं. काहींनी आकड्याऐवजी शब्द लिहिले होते. ठीक आहे. तक्रार नाही. एकाने सही करून हुद्दा आणि रेजिमेंटचा क्रमांक घातला होता, वेदनेची चौकट रिकामी ठेवली होती.

ही चूक दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात झाली नसती. तिथे माणूस दुखणं सांगायला जातो. इथे आलेल्या प्रत्येकाने आयुष्याची पंधरा-वीस वर्षं अशा ठिकाणी काढली होती, जिथे दुखतंय म्हणणाऱ्याला गस्तीतून वगळत आणि त्याच्या वाटची गस्त दुसऱ्याला करावी लागे. वरिष्ठाने कसा आहेस विचारलं की ठीक आहे म्हणायचं. इथे वरिष्ठाऐवजी कागदाने विचारलं आणि त्यांनी तेच उत्तर दिलं. विभागातल्या लिपिकाने बेरीज बरोबर केली होती. आधी शून्य, नंतर शून्य, फरक शून्य.

डॉक्टरांनी फॉर्म पुन्हा भरून घ्यायचं ठरवलं. त्या दिवशी खोलीत दहा-बारा जण होते. सगळ्यांत ज्येष्ठ शाहूवाडीकडचे एक सुभेदार होते. पहाटेच्या एसटीने यायचे आणि बूट पॉलिश केलेले असायचे. डॉक्टरांनी त्यांना विनंती केली की तुम्हीच सगळ्यांना समजावा. सुभेदार उठले. खरं लिहायचं, लाजायचं नाही, हा सरकारी कागद आहे आणि सरकारी कागदावर खोटं लिहिणं गुन्हा आहे, असं त्यांनी तीन वाक्यांत सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या. मग सुभेदारांनी स्वतःचा फॉर्म सगळ्यांदेखत भरला. पहिल्या दिवसाच्या वेदना: एक.

त्यानंतर बाकीच्यांचे फॉर्म आले. सगळ्यांवर एक होतं. सुभेदार साहेबांना एक दुखत असेल, तर हवालदाराला दोन कसं दुखेल, असा तो विचार असावा. शिपाई असलेल्या दोघांनी शून्यच लिहिलं होतं.

डॉक्टर खुर्चीत बसल्या आणि हसायला लागल्या. नव्या हिशेबाने फरक निघत होता, पण वेदना एकावरून शून्यावर आल्या, एवढाच. त्यावर कुणी तेलाचा एक डबाही दिला नसता.

पुढच्या आठवड्यात आण्णांचं तिसरं आवर्तन सुरू होणार होतं. आईला शहरात चष्मा करायचा होता म्हणून ती बरोबर आली. मी तिला केंद्रावर भेटायला गेले. कारखान्याचा हंगाम सुरू झाला होता, उसाच्या ट्रॉल्यांमागे बस अडकली होती आणि ती दोघं तासभर उशिरा पोचली. आण्णा आत गेले. बाहेरच्या बाकावर आई बसली आणि डॉक्टरांनी तिला फॉर्मची गोष्ट सांगितली. आईने ती न हसता ऐकली. सुभेदारांनी एक लिहिल्याचं ऐकल्यावर तिने फक्त विचारलं की त्यांची बायको कुठे असते.

मग तिने आण्णांचा फॉर्म मागितला. चष्मा नव्हता, म्हणून हात लांब करून धरला, उलटा केला. मागच्या बाजूला मोठी रिकामी चौकट होती आणि तिच्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पेनाची तिरकी रेघ मारलेली होती.

"ह्ये कुनी भरायचं?" तिने विचारलं.

डॉक्टरांनी वाचून दाखवलं: घरातील व्यक्तीचे निरीक्षण. पुरुष एकटेच येत, बरोबर कुणी नसे, म्हणून ती बाजू पहिल्या दिवसापासून कुणी भरली नव्हती. रिकामी जागा ठेवायची नाही या शिस्तीने रुग्णांनी स्वतःच तिच्यावर रेघ मारली होती.

"मग मला इचारा की," आई म्हणाली. "त्यास्नी काय म्हाईत हाय त्यांच्या गुडघ्याचं?"

मी एवढंच सांगितलं की ही चौकट विभागाच्या मंजूर नमुन्यातलीच आहे, ती भरायला नवी परवानगी लागणार नाही. खाडाखोड दिसणार असल्यामुळे कोरे फॉर्म घ्यावेत आणि जुने जोडावेत, कुठलाही काढू नये. डॉक्टरांनी पुढच्या शनिवारी घरच्यांना बोलावलं.

शनिवारी दोन खोल्यांत बायका मावत नव्हत्या. त्या अंगणात बसल्या. पुरुषांना विश्रामगृहाच्या व्हरांड्यात थांबायला सांगितलं होतं. तिथून त्यांना दिसत होतं, पण ऐकू येत नव्हतं, आणि त्यांची चुळबुळ पाहण्यासारखी होती. डॉक्टर एकेकीला विचारत होत्या आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहीत होत्या. एकीने सांगितलं की मालक तीन पायऱ्या चढायला दोन वेळा थांबायचे आणि थांबल्यावर आकाशाकडे बघायचे, ढग बघतोय म्हणायचे. आता एकदाच थांबतात. एकीने सांगितलं, नातवंडाला घेऊन खाली बसले. शाहूवाडीच्या सुभेदारांच्या पत्नी ठेंगण्या, कडक बाई होत्या. त्यांनी सांगितलं की साहेब सहा वर्षं बूट स्वतः घालत नाहीत, नाड्या त्या बांधतात, आणि त्या बांधत असताना साहेब पेपर वाचतात, म्हणजे दोघांनाही काही झालेलं नाही असं राहतं. आता उजव्या पायाची नाडी स्वतः बांधतात. डावी अजून नाही.

काहींनी उलटही सांगितलं. फरक नाही, तेलाने कपडे मात्र खराब होतात, डाग निघत नाहीत, हे दोघी-तिघींनी ठामपणे लिहून घ्यायला लावलं. एकीने सांगितलं की दुखणं कमी झालंय आणि भांडण वाढलंय. डॉक्टरांनी तेही लिहिलं. पैलवान आतून म्हणाले की हे कुठल्या शीर्षाखाली घालायचं ते विभागाला विचारा.

आई शेवटच्या काहींत होती. तिने काय सांगितलं, ते मला त्या दिवशी कळलं नाही. मी तिच्यासाठी चष्मा आणायला गेले होते.

जानेवारीत विभागाचे लेखाधिकारी तपासणीला आले. पन्नाशीचे, सडपातळ, हातात कापडी पिशवी. उडदाची पत्रं त्यांचीच होती. त्या दिवशी आण्णा आणि आई दोघंही केंद्रावर होते. मी आईबरोबर बाकावर बसले होते, लेकीच्या नात्याने, वही न घेता. अधिकाऱ्यांनी साठा मोजला, तेलाचे डबे पाहिले, पिठाची पोती पाहिली, एका गुडघ्यावर आळं चालू होतं ते थोडा वेळ उभं राहून पाहिलं. मग फॉर्म मागवले आणि उभ्या उभ्याच चाळायला लागले. मागची बाजू वाचायला लागल्यावर त्यांनी खुर्ची ओढली.

बऱ्याच वेळाने त्यांनी एक फॉर्म हातात ठेवून आण्णांना बोलावलं. आण्णा समोर उभे राहिले.

"हवालदार साहेब, गुडघे दुखायचे का तुमचे?"

"न्हाय साहेब. ठीक हाय."

अधिकाऱ्यांनी कागद उलटला आणि मोठ्याने वाचला. डॉक्टरांनी आईचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं होतं.

"आदी बसताना दात आवळायचं. आवाज न्हाय करायचं. पलंगाजवळच्या भिंतीला हात लावून उठायचं, तितला रंग गेलाय. तीन वर्सं धार न्हाय काडली. मी धार काडताना समोर थांबत न्हवतं. गेल्या सोमवारी म्हशीखाली बसलं. अर्दी चरवी झाली. मग उटता येईना, तवा मला हाक मारली. तीन वर्सांत पयल्यांदा हाक मारली."

खोलीत पैलवानांचा हात तेवढा चालू होता, तोही थांबला. आण्णा आईकडे वळले.

"ह्ये लिवायची काय गरज हुती?"

"मी कुठं लिवलं? मॅडमनी लिवलं," आई म्हणाली.

अधिकाऱ्यांनी कागद गठ्ठ्यात परत घातला. त्यांनी आश्वासन दिलं नाही. त्यांच्या अधिकारात ते नव्हतंही. जाताना डॉक्टरांना एवढं सांगितलं की पीठ औषधोपचार साहित्यात दाखवा, खाद्यपदार्थात नको, म्हणजे पुढे कुणी विचारणार नाही. पुढे हा शब्द डॉक्टरांनी धरून ठेवला. मी त्यांना म्हटलं की सरकारी बोलण्यात पुढे म्हणजे काहीही असू शकतं. बसमध्ये आण्णा आईशी बोलले नाहीत. बिद्रीच्या अलीकडे त्यांनी तिला खिडकीची जागा दिली, असं आईने नंतर सांगितलं.

मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडला गेला. दुपारी भाषण झालं, संध्याकाळच्या सुमारास विभागांची पुस्तकं संकेतस्थळावर आली. डेस्कवर सगळे कृषी, महिला आणि रस्ते यांत गुंतले होते. मी माझ्या वाटची पानं संपवली आणि मग ते पुस्तक उघडलं. नेहमीसारखं शेवटून. ओळ होती. रक्कम गेल्या वर्षीइतकीच, वाढ नाही, कपात नाही. योजनेच्या नावाआधी प्रायोगिक हा शब्द तसाच होता, म्हणजे पुढच्या वर्षीही अहवाल, फॉर्म आणि शून्य ते दहा. एका वर्षाचं तेल आणि पीठ मात्र आलं होतं.

बातमीच्या दृष्टीने ती दीड ओळ होती. ती मी शेजारच्या सहकाऱ्याला दिली, कारण सांगितलं आणि लिहायचं की नाही ते त्याच्यावर सोडलं. त्याने जिल्ह्याच्या चौकटीत ती घातली. रात्री पान लावताना जागा कमी पडली आणि ती गेली. मीही त्याच्या जागी तीच कापली असती.

त्याआधी, ओळ दिसल्याबरोबर, मी डॉक्टरांना कळवलं. त्यांनी पैलवानांना हाक मारून सांगितलेलं मला फोनवर ऐकू आलं. मग घरी फोन लावला. आईने उचलला. मी सांगितलं की केंद्र चालू राहणार, आण्णांना दे.

"धारंला बसल्यात," ती म्हणाली. "आता हाक मारली तर उटावं लागंल त्यास्नी. थांब जरा."

तिने फोन तसाच धरून ठेवला. गोठ्याजवळ गेली असावी, कारण चरवीत पडणारी धार ऐकू यायला लागली. आधी रिकाम्या भांड्यावर वाजणारी, मग फेसात बुडून मऊ झालेली. मी वाट पाहत राहिले. डेस्कवर कुणीतरी रस्त्यांचे आकडे मागत होतं. त्याला हाताने थांब म्हटलं.